सहाशे चार

सहाशे चार.

शेजारच्या बापूसाहेबांकडून मागून आणलेल्या चार खुर्च्या. एकीचा हात मोडका.

कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खाली शेणानं भरलेले गमबूट.

भिंतीचा ओला चुना, आणि त्याला पाठ घासून आणखीच पांढरी झालेली गंगी नावाची गाय.

"नऊशेपैकी सहाशे चार म्हंजी पास की रं!" म्हणणारी आई.

सोमवार, सकाळचे अकरा. दौंडकडून आलेली एक गाडी.

गाडी दारात थांबली तशी शंभूनं शर्टाची कॉलर नीट केली. मांडवगण फराट्यातल्या त्याच्या सहा गाईंच्या सोळा व्हायच्या तर नवा गोठा पाहिजे, आणि गोठ्याला बँकेचं कर्ज. बँकेनं त्याचा क्रेडिट स्कोअर काढला आणि नाक मुरडलं. सोमवारी माणूस पाठवून घरदार बघू, मग ठरवू, म्हणाले. तेव्हापासून शंभूनं आईला बजावून ठेवलं होतं, गोठा उभा राहीपर्यंत घरात दुसरा विषय नको.

गाडीतून निळ्या ड्रेसमधली एक मुलगी उतरली. मागोमाग जाड मिशांचे एक गृहस्थ.

"मी सोनम. दौंडहून आलोय. हे हौसराव मामा."

"या मॅडम, या."

मॅडम म्हटल्यावर ती मामांकडं बघून हसली. मामांनी मिशीवरून हात फिरवला. साहेब लोक खुशीत दिसतायत, शंभूला जरा धीर आला.

खुर्चीत टेकायच्या आत तिनं विचारलं, "स्कोअर किती?"

"सहाशे चार."

"कमी हाय."

"हाय."

"का?"

याचं उत्तर शंभूनं आठवडाभर पाठ केलं होतं. चांगलं लांबलचक होतं. तिनं सरळ डोळ्यांत बघितलं आणि त्यातलं एक वाक्य आठवेना.

"दोन गाईंचं कर्ज काढलं व्हतं. छत्तीस हप्ते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवा तीन चुकले. मागनं दंडासकट भरले. तेहतीस येळेवर गेले ते कुणाला दिसत न्हाईत, तीन तेवढे दिसत्यात."

"म्हंजी आकडा खोटा?"

"खोटा कसा? चुकले ते चुकलेच. पण आकडा अर्धाच माणूस सांगतो, मॅडम. आमचे बापूसाहेब बघा. जल्मात कुणाचा रुपाया घेतला न्हाई, तर त्यांना स्कोअरच न्हाई. बँक म्हणती, तुम्ही कोण?"

हौसरावांना हसता हसता ठसका लागला. "माझं बी तेच हाय की! साठ वर्सं नीट वागलो, आन् कागदावर मी जल्मलोच न्हाई!"

सोनम हसली नाही. "मागच्या आठवड्यात न्हावऱ्यात एकाकडं गेलो होतो. सातशे नव्वद होता."

शंभूचा चेहरा उतरला. "मग त्यांचं झालंच आसंल."

"मी नको म्हणाले."

"सातशे नव्वदला?"

"आम्हाला कपबशीतनं चहा, आन् राबणाऱ्या गड्याला फुटक्या कपात."

एवढी कडक बँक शंभूनं ऐकली नव्हती. नेमक्या त्याच वेळी त्याची आई रंगुबाई चहा घेऊन आल्या. नवं लुगडं, तोंडावर भीतीचा पत्ता नाही. चार कप चार तऱ्हेचे. कान तुटलेला त्यांनी स्वतःकडं ओढला आणि म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यापायी पोराचा आकडा पडला बघ बाई."

मॅडमला 'बाई' म्हटलं म्हणून शंभूनं डोळे मोठे केले. रंगुबाईंनी तिकडं बघितलंच नाही.

मग गोठा. सोनमनं गव्हाणीत हात घालून चारा बघितला. गंगीनं तिची ओढणी चाटली, तिनं चाटू दिली.

"दुधाचे कॅन कोण धुतं?"

"मी."

"घरातली भांडी?"

"आई थकली की मीच."

"दारू? तंबाखू?"

"चहा. जरा जास्तच."

"घर कुणाच्या नावावर?"

"आईच्या. तिच्याच ऱ्हाऊ द्यायचं हाय मला. गहाण ठेवायचं म्हणत आसाल तर गाई ठेवा."

"ध्यानात ठेवा, मामा."

"ठेवलं," हौसराव म्हणाले. वही-पेन काही निघालं नाही. जुन्या माणसांचं डोकंच रजिस्टर असतं, शंभूला वाटलं.

सोनमनं फोन काढला. "एक फोटो लागंल."

"लागतोच, म्हाईत हाय. गमबूट काढू?"

"ऱ्हाऊ द्या. तेच बघायला आलोय."

शंभू दारात ताठ उभा राहिला. तिनं तीन फोटो काढले. एक तर बराच जवळून.

निघताना ती गाडीपाशी थांबली. "माझ्याकडून हो हाय. पुढचं मोठी माणसं बोलतील."

"सहाशे चार आसून?"

"तीन का चुकले ते विचारल्यावर दुसऱ्या कुणावर ढकललं न्हाई. मला तेवढं पुरतं."

गाडी वळणाआड गेली आणि शंभूनं गमबुटासकट अंगणभर उड्या मारल्या. गंगीच्या गळ्यात पडला, मग आईच्या. "आई, झालं! मोठी माणसं म्हंजी हेड ऑफिस. तिथं कोण अडवतंय आता!"

"कोण न्हाई अडवत," रंगुबाई म्हणाल्या आणि फडताळातून पेढ्यांचा पुडा काढला. तो कधी आणला, हे विचारायचं शंभूला सुचलं नाही. तो पुडा घेऊन आळीभर फिरला, दिसेल त्याच्या तोंडात पेढा कोंबत. बापूसाहेबांनी दोन घेतले.

गोठ्याचं कर्ज पुढच्या दिवाळीआधी निघालं, सोनमच्या नावावर. सासरी आल्यावर तिनंच अर्ज केला; तिचा स्कोअर सातशे एक्क्याऐंशी.

आमचा माणूस मंगळवारी येईल, असा बँकेचा फोन त्या सोमवारच्या आदल्या शनिवारीच आला होता, आणि तो रंगुबाईंनी घेतला होता.