बिनसांध्याचा पट्टा

शुक्रवारी सकाळी भिकूनानांनी लेथ मशीनची दांडी खाली केली आणि त्यांना वाटलं, लाईट गेली. पण मोटर गुणगुणत होती.

"कसा हाय?" शेडचा मालक कैलास मागून म्हणाला. आवाज अगदी बारशाला बोलावल्यासारखा. "सुट्टीचा आख्खा गुरुवार घातला त्यात. स्पिंडल भाईर काढून बसवलाय. सांधाच न्हाई, नाना. एकसंध पट्टा."

"ब्येस," नाना म्हणाले.

बेस काही नव्हतं. जुना पट्टा चामड्याचा होता, दोन टोकं लोखंडी क्लिपेनं जोडलेला. दर फेऱ्याला तो सांधा पुलीवरून जाताना टक् करायचा. टकटक मोकळी असली की कापणारं टूल मोकळं. टकटक रेंगाळली की टूल खोल घुसलंय. थांबली की जॉब, म्हणजे कापायचं लोखंड, थांबला. ती ऐकून कैलासचं डोकं उठायचं. नानांचं मात्र निम्मं काम तीच करायची आणि उरलेलं त्यांची बोटं.

डोळे काहीच करत नव्हते. उजवा तरुणपणीच लोखंडाच्या उडालेल्या कपच्यानं नेला होता. डाव्यात दिवाळीपासून मोतीबिंदू उतरला होता आणि आता समोरचा जॉब धरणारा चक म्हणजे नुसता काळसर ढीग दिसायचा. घोटावड्याच्या त्या शेडमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. ऑपरेशन साधं असतं, हे नानांनाही कळत होतं. पण एकच उरलाय, त्याला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा हट्ट. कैलासला समजलं तर तो मशीनजवळ उभंसुद्धा राहू देणार नाही, हेही पक्कं. भल्या माणसाची हीच पंचाईत असते, तो काळजीपोटी घरी बसवतो. आणि घरी बसून नाना करणार काय होते?

कासार आंबोलीच्या भातगिरणीचा शाफ्ट करायचा होता. नमुन्याला जुना शाफ्ट शेजारीच ठेवला होता. त्याच्या न झिजलेल्या टोकावर नानांनी मापाचा कॅलिपर सरकवला. त्याचे दोन पाय लोखंडाला किती घासून जातात, ते बोटांनी मनात धरलं. नव्या शाफ्टवर तो तेवढाच घासून गेला की माप झालं. आकडे वाचायची गरजच नाही.

त्यांनी टूलचा एक हात फिरवला, ते मागे घेतलं आणि दांडी वर करून जॉब थांबवला. त्या दांडीला एक जुनी खोड होती. कधीकधी ती वर न अडकताच हळूच खाली घसरायची आणि जॉब पुन्हा फिरू लागायचा. टकटक ऐकू आली की नाना तिला पुन्हा वर ढकलायचे, इतकी वर्षं हेच चाललं होतं. आज टकटक नव्हती. गोल, गुळगुळीत जॉब फिरतोय की थांबलाय, हे धडधाकट डोळ्यालाही चटकन कळत नाही. नाना कॅलिपर घेऊन वाकले.

कॅलिपर हातातून हिसकावला गेला. आधी पत्र्यावर आदळला, मग खाली कुठंतरी पडला. कैलासनं धावत येऊन मोटर बंद केली.

"हात बघू." अंगठ्याचं कातडं तेवढं सोललं होतं. "चालू जॉबला माप लावताय? तुमी?"

नाना कॅलिपर शोधायला खाली बसले.

"पायापाशीच हाय की," कैलास म्हणाला.

नाना चाचपडत राहिले.

"डाव्या पायापाशी, नाना." मग खालच्या आवाजात, "कधीपासनं?"

"दिवाळी."

"आन् येवढे शाफ्ट केले तुमी?"

"टकटकीवर केले. येक तरी माघारी आला का?"

"न्हाई," कैलास म्हणाला.

नाना उठले. पोटावरचा एप्रन सोडला, त्याची घडी घातली. खिळा कुठं आहे ते हाताला माहीत होतं, पण खिळ्याला अडकवायचा म्हणजे उद्या परत यायचं, म्हणून त्यांनी तो काखेत धरला. दारापर्यंत किती पावलं, तेही त्यांनी मोजून ठेवलेलं होतं.

सातव्या पावलाला मागून सुरीचा आवाज आला. काहीतरी चिवट कापलं जात होतं, कचकच, रेटून. मग हातोडीचे ठोके. नाना दारातच थांबले.

मोटर सुरू झाली. दांडी खाली आली.

टक्. टक्. टक्.

"कालचा नवा पट्टा तू..." नाना दारातून मागे वळले.

"कापला," कैलास म्हणाला. "जुनी क्लिप ठोकली. आजचा शाफ्ट उरकू. मी हितंच हुबा राहतो, दांडीपाशी. पन गुरुवारी सुट्टी हाय, गुरुवारी डोळा दाखवायला जायचं. न्हाई म्हनायचं न्हाई."

नाना कान देऊन ऐकत होते.

"क्लिप तिरकी बसलीय," ते म्हणाले. "येक दात मोकळा हाय. आदी ती बघ."

टकटक थांबली. कैलास पट्ट्यावर वाकला असावा, कारण त्याचा आवाज मशीनमागून आला.

"व्हय," तो म्हणाला.

पुन्हा हातोडी वाजू लागली. नानांनी काखेतला एप्रन काढला, झटकला आणि बांधायला घेतला. मागची गाठ मारताना त्यांनी विचारलं,

"गुरुवारी किती वाजता?"