नव्या रॅमची पूजा

कॉम्प्युटरने पुन्हा लांबलचक बीप दिला आणि स्क्रीन काळीच राहिली. नवी रॅम बसवल्यापासून तासभर हेच चाललं होतं. चार वाजता शाळेचे शिपाई नववीची प्रश्नपत्रिका न्यायला येणार होते, आणि मी टाइप केलेली ती प्रश्नपत्रिका या खोक्यात अडकली होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. एरवी म्हणाल्या असत्या, दिवसभर त्याच्यासमोर बसतेस, त्यालाही कंटाळा येणारच. आज त्यांची नजर कॅबिनेटवरून हलत नव्हती.

मी वायर काढली, कॅबिनेट परत उघडलं, रॅम बाहेर ओढली आणि मोबाइलच्या उजेडात खाचेत डोकावले. आत तांदळाचा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला. मघाशी कॅबिनेट उघडं टाकून मी कुकर बंद करायला गेले होते, तेवढ्यात हे झालं होतं.

"आई, याची पूजा केलीत?"

"नवीन काहीतरी घालणार म्हणालीस ना," त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या. "तुझं पोटापाण्याचं काम. म्हटलं, चार अक्षता वाहाव्यात. त्यानेच बिघडलं का गं?"

मी टेबलावरचा चिमटा उचलला. दाणा काढला, रॅम पुन्हा दाबून बसवली आणि वायर लावली. या वेळी स्क्रीन उजळली.

"नाही हो, माझ्याकडूनच नीट बसली नव्हती."

कॅबिनेटच्या तळाशी आणखी तीन अक्षता पडल्या होत्या. त्या तशाच ठेवून मी झाकण लावलं.