दगडावरचं वचन

साक्रीच्या मंडळीत कुणी वारलं, की कबरीच्या दगडावर बायबलातलं कोणतं वचन कोरायचं ते पाळक प्रेमराजांना विचारत. त्यांना पुस्तक उघडावं लागत नसे. सगळं तोंडपाठ.

दिवाळीनंतर त्यांची बायको मार्था गेली. तिच्या दगडावर नाव आलं, तारखा आल्या, खालची जागा मात्र कोरी राहिली. कारागिराने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते म्हणाले, “कळवतो.”

ईस्टरच्या पहाटे बहुतेक सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून परतले. प्रेमराज मात्र मार्थाच्या कबरीपाशी उभे राहिले. शेजारची कबर तानुबाईंच्या मुलाची; त्याही अजून तिथे बसून होत्या. त्या तिथून उठून आल्या आणि मार्थाच्या दगडावरून बोटं फिरवू लागल्या. त्यांना वाचता येत नसे.

“नावखाले सपाट लागस, पाळकसाहेब. वचन नही का?”

“सगळी पाठ आहेत, अक्का. पण हिच्यासाठी एकही लिहवत नाही.”

तानुबाईंनी मुलाच्या दगडाकडे हात केला. त्यावरचं वचन प्रेमराजांनीच दिलं होतं. धुळ्याच्या बसस्टँडवर, गाडीत चढता चढता, फोनवर. कोणतं दिलं ते आता त्यांना आठवतही नव्हतं.

“मंग तेच लिखा,” तानुबाई म्हणाल्या. “नऊ वरीस मी त्यानावरच जगस. खरं शे ते.”