धवलारणीचा कान

“थांब!” भामाने जमिनीवर थाप मारली. तिची लेक रंजिता गाता गाता गप्प झाली.

कालच पनवेलच्या डॉक्टरने भामाच्या कानात यंत्र बसवलं होतं. सात-आठ वर्षांनी चिमण्या ऐकू आल्या, शेजारणीची कुजबुजही ऐकू आली, आणि म्हातारी पोरीसारखी हरखली. पण तिला ऐकायचा होता लेकीचा धवला. धवलारणीने लग्नाचे धवले गायल्याशिवाय गव्हाण गावात हळद लागत नाही, आणि भामाला शिकवणारी जनी मावशी गेल्यापासून ते जुने धवले एकट्या भामालाच येत होते. कुठे लिहिलेले नाहीत, कुठे रेकॉर्ड केलेले नाहीत. या तोंडातून त्या कानात, बस्स. तीन वर्षं घसा फोडून तिने रंजिताला शिकवले होते. परवा शेजारच्या भावनाच्या हळदीला रंजिता पहिल्यांदा एकटी गाणार होती.

डॉक्टरने मशेरीवरून चांगलंच झापलं होतं. “कान वयानेही जातात, आजी. पण पन्नास वर्षं तंबाखू भाजून दातांना लावलीत, तिनेही हातभार लावला असेल. आता तरी सोडा.” भामाला हसू आलं होतं. मशेरीने गळा मोकळा होतो, असं जनी मावशीच सांगायची. हळदीला बसण्याआधी भामाचं बोट डबीत जायचंच. गळ्याला जपलं, कानाला कोण जपतो?

आता मात्र तिचं हसू पळालं. रंजिताचा सूर वर चढायचा तिथेच घसरत होता. ओळीच्या शेवटची अक्षरं तर ती गिळूनच टाकत होती.

“वाट लावलीस धवल्याची! असा कोनी शिकवला तुला?”

रंजिताने मान खाली घातली. “तूच, आये. तू गातेस तसाच.”

“मी? आनि गावात कोन बोलला नाय?”

“धवलारनीला मधी कोन आडवील? अपशकुन नाय काय?”

भामा भडकली. जनी मावशीचा धवला तिच्या डोक्यात जसाच्या तसा वाजत होता, लख्ख.

“आयक नीट,” म्हणून तिने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

स्वतःच्या तोंडून रंजिताचाच धवला कानात आला. तसाच घसरलेला, तसाच अक्षरं गिळलेला. तिने पुन्हा पहिल्यापासून धरला. पुन्हा तोच.

मागून रंजिताही गाऊ लागली, आईच्या सुरात सूर मिळवून, कुठेही न चुकता.