बिल्ल्याचा वरचा तुकडा

इंग्लंडमधल्या मेडनहेडचे निवृत्त डॉक्टर शशी बर्वे महायुद्धातल्या जर्मन सैनिकांचे ओळख पटवणारे, गळ्यात घालायचे बिल्ले जमवत. बिल्ला अस्सल की बनावट, हे ठरवल्याशिवाय ते खुर्ची सोडत नसत.

हे बिल्ले मधोमध मोडता यावेत असेच केलेले. सैनिक मेला की खालचा तुकडा नोंदीसाठी काढून घेत, वरचा प्रेताच्या गळ्यातच ठेवत.

रविवारी आणलेला अखंड बिल्ला ते सोमवारी भिंगाखाली धरण्यासाठी काढायला गेले, तर कुलूपबंद खणात फक्त खालचा तुकडा होता. मोडलेली कड अगदी ताजी, चकचकीत.

शशी हट्टाला पेटले. सगळे खण उपसले, गालिचासुद्धा गुंडाळला. वरचा तुकडा सापडेपर्यंत जेवणार नव्हते.

पत्नी अलकाताई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, ते तुमच्या गळ्यात काय लोंबतंय?"