प्रभारीची सही

आमच्या गावच्या शाळेची मी नऊ वर्षं प्रभारी मुख्याध्यापिका. यंदा कायमची जागा निघाली, तशी अर्ज घेऊन शिक्षण कचेरीत गेले. तिथल्या आबुंदियो साहेबांनी तेरेरेचं, म्हणजे आमच्याकडच्या थंडगार पाल्याच्या चहाचं, शिंगाचं भांडं आधी माझ्याच हातात दिलं.

"घ्या बाई! आमची लेक मिर्ना तुमच्या शाळेतून बारावी झाली, आता राजधानीत असुन्सिओनला डॉक्टरकी शिकतेय."

मग माझे कागद चाळता चाळता ते थांबले.

"सुनिल्दाबाई, अनुभवाच्या दाखल्यावर मुख्याध्यापकाची सही लागते. ही तर तुमचीच आहे."

"नऊ वर्षं त्या खुर्चीत मीच बसतेय, साहेब. दुसऱ्या कुणाची आणू?"

"अहो, पण तुम्ही नुसत्या प्रभारी! प्रभारीची सही कायद्यानं धरतच नाहीत. पुढच्या वेळी बघू."

मी शेवटचा घोट घेतला, भांडं त्यांच्यापुढे ठेवलं, पण जागची हलले नाही.



"मग मिर्नाला आजच परत बोलावून घ्या, साहेब. तिच्या बारावीच्या दाखल्यावरही हीच सही आहे."