धा डाक्टर नापास

“तुमचा इस्वास बसणार न्हाय, पर मायाक्कासाठी म्या धा डाक्टर नापास केलेत!” कुंभारीतल्या आपल्या अंगणात जमलेल्या भाऊबंदांपुढं सिद्धाप्पानं मिशीवर ताव दिला. बायकोला हेपटायटिस सी निघाला, त्याच दिवशी त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, की जाणता डॉक्टर सापडेपर्यंत थांबायचं नाही. त्याची पारखही त्यानं सांगितली. मायाक्काच्या हातचा चहा थर्मासात भरून न्यायचा आणि फाइल उघडायच्या आधी डॉक्टरपुढं कप ठेवायचा.

“एकजण म्हनला, आत्ताच झाला. एकाला एकदम उपास आठवला. एक तर खुर्चीसकट भितीला जाऊन टेकला की! म्या म्हनलं, ऊठ मायाक्का, ह्याला रोगच ठावा न्हाय, ह्यो औषध काय देनार?”

“मग?” चुलतभाऊ कोंडीबानं विचारलं.

“मग जुळे सोलापुरातला अकरावा. त्यानं बशीत ओतून भुरकला आन म्हनला, ‘आजोबा, हा आजार रक्तातून पसरतो, चहातून नाही. तीन महिने गोळ्या नेमानं घ्या, आजी बऱ्या होतील.’ तितंच म्हनलं, गड्या, तूच!”

मायाक्का दारात येऊन उभी राहिली.

“खोटं सांगत्यात. आमी एकाच डाक्टरकडं गेलो, आन त्यो चहा प्याला. न प्यालेले धा जण तेवढे खरे हायती. ते हितंच बसलेत.”